बापाशी बोलायला बसताना

बेळगाव-खानापूर भागातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरगुती सभेत बसलं की प्रार्थनेची सुरुवात साधारण सारखीच ऐकू येते. "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वव्यापी, परमपवित्र, दयाघन, कृपासागर परमेश्वर पित्या, आम्ही दीन, हीन, पापी, नालायक लेकरं तुझ्या चरणी नम्र होऊन येतो..." हे चालू असेतोवर दोन-तीन मिनिटं निघून जातात. ज्या माणसासाठी सभा भरली, ज्याला उद्या सकाळी डायलिसिसला न्यायचं आहे, त्याचं नाव यायला अजून बराच वेळ असतो.

यातला एकही शब्द खोटा नाही. देव सर्वसमर्थ आहेच. पण ऐकताना राहून राहून वाटतं, हा अर्ज आहे. आणि सीमाभागातल्या माणसाला अर्ज चांगलाच ठाऊक असतो. कचेरीतलं काम काढायचं तर वर पदनाम पुरतं घालावं लागतं, विषय लिहावा लागतो, कन्नड लिहिता येत नसेल तर बाहेर बसलेल्या लिहिणाऱ्याकडून लिहून घ्यावं लागतं. एक कागद कमी पडला की खेटे सुरू. पिढ्यान्‌पिढ्या हे केल्यावर वरच्याशी बोलायची हीच रीत, असं अंगात मुरतं. मग देवाशी बोलतानाही आधी पदनाम, मग आपली नालायकी, मग दबकत दबकत विषय.

येशूनं शिष्यांना प्रार्थना शिकवली ती या रीतीतून सोडवणारी आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो आधी जागा सांगतो: खोलीत जा, दार लावून घे. मग काय टाळायचं ते सांगतो: फार बोललं म्हणजे देव ऐकतो, अशा समजुतीनं बडबड करू नका. आणि लगेच कारण देतो. तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या गरजा तुमच्या बापाला ठाऊक आहेत. हे कारण नीट ध्यानात घेतलं तर प्रार्थनेतलं अर्धं ओझं तिथेच उतरतं. देवाला माहिती पुरवायची नाही, त्याचं मन वळवायला शब्दांची रास घालायची नाही. जे त्याला ठाऊक आहे तेच त्याच्याजवळ बसून बोलायचं, कारण न बोलता राहिलेलं नातं हळूहळू नावापुरतं उरतं. घरात राहून बापाशी महिनोन्‌महिने न बोलणारी माणसं आपण पाहतोच. बापाला त्यांचं सगळं ठाऊक असतं, तरी घर सुनं असतं.

त्यानंतर येते ती प्रभूची प्रार्थना. वाक्यावाक्याला थांबत म्हटली तरी पाऊण मिनिटात होते. मत्तयात ती थोडी सविस्तर आहे, लूकच्या अकराव्या अध्यायात आणखी आखूड. पदव्यांची माळ नाही. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', एवढ्यावर सुरुवात संपते.

तिची मांडणी एकदा सावकाश बघावी. आधी तीन गोष्टी देवाच्या: नाव, राज्य, इच्छा. मग तीन आपल्या: भाकर, ऋणांची माफी, परीक्षेतून आणि वाइटातून सुटका. घाईत प्रार्थना करणारा माणूस थेट चौथ्यावर येतो. त्यात गुन्हा काही नाही. पाण्यात बुडणारा येशूचा शिष्य पेत्र 'प्रभू, मला वाचव' एवढंच ओरडला आणि तेवढं पुरलं. पण रोजच्या प्रार्थनेत पहिल्या तीन गोष्टी गाळल्या की काही महिन्यांत प्रार्थना नुसती यादी होते, आणि यादी पुरी झाली नाही की माणूस रुसतो. पहिल्या तीन वाक्यांनी आपली गरज तेवढीच राहते, फक्त ती कुणाच्या हातात द्यायची ते आधी पक्कं होतं. दुसऱ्या बाजूनं, ज्यांना 'बाप' म्हटलं की सगळंच सैल करायची सवय आहे त्यांच्यासाठी 'तुझे नाव पवित्र मानले जावो' हे पहिलं वाक्य आहे. जवळीक आणि धाक दोन्ही एकाच श्वासात. धरला जाण्याआधी गेथशेमानेच्या बागेत येशूनं 'अब्बा', म्हणजे बापा, अशी हाक मारली तेव्हाही पुढचं वाक्य 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असंच होतं.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथं थोडं थांबायला हवं, कारण इथंच आपण सगळ्यात जास्त मोघम होतो. 'प्रभू, आमच्या कुटुंबाला आशीर्वादित कर' हे वाक्य वाईट नाही, पण ते बोलून उठल्यावर आपण काय मागितलं हे आपल्यालाही सांगता येत नाही. येशूनं मागायला लावली ती भाकर: ताटात दिसणारी, आजच्या दिवसाची. यामागे मान्न्याची, म्हणजे देवानं अरण्यात पुरवलेल्या अन्नाची, आठवण आहे. बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना मान्ना रोजचा रोज गोळा करायचा होता. उद्यासाठी म्हणून ठेवला त्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, कारण सातवा विसाव्याचा. म्हणून मागताना नेमकं मागावं. "देवा, सोमवारी सोसायटीचा हप्ता आहे, चार हजार कमी पडतायत बघ." "ऊसतोडीची टोळी पंधरवड्यात आली नाही तर ऊस वाळून जातोय." "पोरीची पीयूसीची परीक्षा गुरुवारी, तिला रात्री झोप लागू दे." असं मागितलं की आठ दिवसांनी मागे वळून बघताही येतं: काय मिळालं, काय नाही, कुठं वेगळंच काही घडलं. मोघम मागणाऱ्याला आभारही मोघमच मानावे लागतात.

त्या वाक्यात 'आमची' आहे, 'माझी' नाही, हेही सोडून चालत नाही. एका बापाची लेकरं म्हटल्यावर शेजारच्या घरातली रिकामी चूल आपल्या प्रार्थनेत आपोआप येते. २०१९च्या ऑगस्टात पुराचं पाणी चढलं, घटप्रभा-मलप्रभेच्या काठची घरं पडली, गोकाकपासून खाली लोक निवारा केंद्रांत बसले, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं त्यांनी भाकऱ्या भाजून पाठवल्या. त्यांतल्या कित्येकांनी हे वाक्य रोज म्हटलेलं असणार. प्रार्थना आणि ती भाकरी यांत मला काही अंतर दिसत नाही.

यानंतरचं वाक्य सगळ्यात जड. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' प्रभूची प्रार्थना संपल्यावर येशू पुन्हा एकदा स्पष्ट करतो ते हे एकच वाक्य. बाकीच्यांवर त्यानं जादा शब्द घातलेला नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला याच वाक्याचा हिशेब मांडतो. चाकराला राजाचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. फिटण्यातलं देणंच नव्हे. ते राजानं सोडलं. त्याच चाकराला सोबत्याकडून शंभर दीनार येणं होतं, आणि त्यासाठी त्यानं सोबत्याचा गळा धरला. इथं उपदेश करणारे बहुतेकदा 'शंभर दीनार म्हणजे क्षुल्लक' असं म्हणून पुढं जातात. ते बरोबर नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन-सव्वातीन महिन्यांची कमाई. ज्याची ती बुडाली त्याला विचारावं. भावानं बांध सरकवला, चुलत्यानं उताऱ्यावरून नाव कमी केलं, जाऊबाईनं भर लग्नात अपमान केला ही दुखणी खरी आहेत, आणि येशू ती खोटी ठरवत नाही. तो त्यांच्या शेजारी सहा कोटींचा आकडा ठेवतो, एवढंच.

व्यवहारात हे कसं करायचं? प्रार्थना कोरडी पडली, शब्द तोंडातच फिरताहेत, बसवत नाही, असं झालं की आधी इथं तपासावं. मनात कुणाचं नाव आलं की छाती आवळते? ते नाव देवाजवळ मोठ्यानं घ्यावं. 'मी त्याला क्षमा करतो' हे वाक्य पहिल्या दिवशी निघत नसेल तर ओढून काढू नये. 'देवा, मला त्याला क्षमा करावीशी वाटत नाही, ते वाटू दे,' हीही प्रार्थनाच. मग पुष्कळ दिवस तेच म्हणावं लागतं. आणि जिथं आपणच दुखावलं आहे तिथं डोंगराच्या प्रवचनातली पायरी उलटी आहे: अर्पण वेदीपुढं ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. कित्येक घरांत प्रार्थना अडते ती या न केलेल्या फेरीपाशी. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर नवऱ्यांना सरळ बजावलं आहे की बायकोला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही. बायकोवर ओरडून लगेच कुटुंबप्रार्थनेला बसणाऱ्यांनी हे वचन वाचावं. एक मात्र सांभाळायला हवं. क्षमा करणं म्हणजे मारहाण करणाऱ्याच्या घरात परत जाऊन राहणं नव्हे, आणि तक्रार मागं घेणंही नव्हे. क्षमा म्हणजे हेच, असं सांगून बायकांना परत पाठवलं जातं, ते चूक आहे.

इथून एका अवघड जागी येतो. देवाला बाप म्हणा असं सांगणं सोपं. पण ज्याचा बाप रोज पिऊन आला, ज्यानं आईला मारलं, जो घर सोडून गेला आणि परत आला नाही, त्याला ही हाक घशात अडकते. 'तुझ्या बापाकडे बघू नको, स्वर्गीय बापाकडे बघ' असं म्हणून भागत नाही, कारण मन बाप शब्दाला एकच चेहरा लावतं. अशा माणसावर घाई करू नये. बायबलमध्ये त्याच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात देव म्हणतो, आई जशी लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. एकोणपन्नासाव्यात तो विचारतो, पोटच्या लेकराला आई विसरेल काय? ती विसरली तरी मी विसरणार नाही. होशेयच्या अकराव्या अध्यायात देव लेकराला हात धरून चालायला शिकवतो. १३१वं स्तोत्र अवघ्या तीन ओव्यांचं आहे आणि त्यात दूध तुटलेलं मूल आईपाशी निवांत बसलेलं आहे. मागायला काही नाही, नुसतं बसलेलं. आणि सत्ताविसाव्या स्तोत्रात तर हे दुःख थेट येतं: आईबापांनी मला टाकलं तरी परमेश्वर मला जवळ करील. हे लिहिणाऱ्याला टाकलं जाणं ठाऊक होतं.

आपल्या भागात ही वाट अवघड जायचं कारणच नाही. आषाढीला बेळगाव-खानापूरकडच्या दिंड्या पंढरीला निघतात आणि विठाई माउलीचा गजर शिवारभर ऐकू येतो. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ताला आई आणि गुरू म्हणून आळवलं ते याच मातीतून. त्यांची गीतं आजही मराठी उपासनेत गातात, ती गाताना कुणाला काही वेगळं वाटत नाही. त्याच्याही फार आधी, घाटाखाली गोव्यात, फादर स्टीफन्सनं १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. देवाचं प्रेम आपल्या बोलीत आणायची धडपड इथं चारशे वर्षांची आहे. ज्याला 'बाप' म्हणवत नाही त्यानं खुशाल 'देवा' म्हणावं, 'प्रभू' म्हणावं, वर सांगितलेली स्तोत्रं रोज एक अशी वाचावीत. पुढं केव्हातरी लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप वाचावा. मुलानं सगळं उडवलं, डुकरं राखली, घरी सांगायला क्षमेचं भाषण पाठ करून आला, आणि दुरून दिसताच म्हातारा धावत सुटला. भाषणातलं शेवटचं वाक्य, 'मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा', हे त्यानं मुलाला बोलूच दिलं नाही. गावातला मानाचा म्हातारा सगळ्यांदेखत धावत नाही. हा धावला. ज्याचा बाप असा नव्हता त्याला हा बाप ओळखीचा वाटायला वेळ लागेल, तो वेळ द्यावा.

आता घरातल्या बसण्याबद्दल. कुटुंबप्रार्थनेला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. वेळ घराच्या कामाला धरून ठरवावी. पहाटे डेअरीला दूध घालायचं असेल तर सकाळची वेळ ठरवून रोज मोडण्यात अर्थ नाही, रात्रीची जेवणं झाली की बसावं. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. एकानं स्तोत्रातल्या आठ-दहा ओव्या सावकाश वाचाव्या. वाचणारा रोज बदलावा, नुकतं वाचायला शिकलेल्या पोरालाही पाळी द्यावी, तो अडखळला तर मधे शब्द घालू नये. मग मिनिटभर कुणीच काही बोलू नये. हे मिनिट सुरुवातीला फार लांब वाटतं आणि कुणीतरी खाकरतं किंवा हसतं, चालू द्यावं. त्यानंतर प्रत्येकानं दिवसातल्या एका गोष्टीसाठी आभार आणि एक मागणं, एक-दोन वाक्यांत. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून.

आपल्याकडे घरात दोन भाषा असतात हे विसरू नये. सून गोकाक-बैलहोंगलकडची असेल तर तिला कन्नडमध्ये प्रार्थना सुचते. तिनं ती कन्नडमध्येच करावी, 'नम्म तंदेये' म्हणून. सासूला सगळं कळलं नाही तरी बिघडत नाही, प्रार्थना सासूला उद्देशून नाहीच. एखाद्या घरी आजी कोकणीत 'आमच्या बापा' म्हणते, नातू इंग्रजी शाळेतलं म्हणतो. चारी भाषांत एकदम म्हटली तर वेग जमत नाही, कुणी पुढं जातं, कुणी मागं राहतं. तेव्हा वाक्य संपलं की सगळ्यांनी एक श्वास थांबावं, आपोआप जुळतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकत्र आले, लग्नघरी किंवा मौतीच्या घरी, की आणखी एक अडचण हमखास होते. 'वाइटापासून सोडव' इथं कॅथलिक थांबतात आणि बाकीचे 'कारण राज्य, पराक्रम व गौरव' म्हणत पुढं जातात. मत्तयाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत हे शेवटचं वाक्य नाही, पण पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांच्या 'डिडाखे' या पुस्तिकेत त्याचं आखूड रूप सापडतं. तिथंच ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. मिस्सामध्येही, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, ते वाक्य येतं, फक्त मधे फादरांची एक प्रार्थना असते. तेव्हा चूक कुणाचीच नाही. चालवणाऱ्यानं सुरुवातीलाच कुठं थांबायचं ते सांगितलं की शेवटी कुणी ओशाळत नाही.

पाठ प्रार्थना रोज म्हटल्यानं ती बोथट होते, अशी तक्रार असते. दोष प्रार्थनेचा नसतो, वेगाचा असतो. कॅथलिकांच्या रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, पाच दशकांत (एक दशक म्हणजे दहा मणी) 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरुवातीला एकदा आणि प्रत्येक दशकाला एकदा अशी सहा वेळा येते, आणि जेवण गार होतंय म्हणून सहाही वेळा ती एका दमात उरकली जाते. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, ज्याच्या संघाचं सेंट पॉल्स हायस्कूल बेळगावच्या कॅम्पात उभं आहे, त्यानं यावर दोन रीती सांगून ठेवल्या आहेत. एकीत प्रार्थनेचा एकच शब्द घ्यायचा, जोवर त्यात काही सापडतंय तोवर तिथंच राहायचं. तासभर एका-दोन शब्दांत गेला तरी उरलेली प्रार्थना नेहमीसारखी म्हणून उठायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा शब्द घ्यायचा. दुसरीत एका श्वासाला एक शब्द. कामकरी माणसाला तास कुठला, पण आठवड्यातून एकदा वीस मिनिटं 'पित्या' या एकाच शब्दापाशी बसता येतं. एस.टी.त खिडकीला बसून श्वासाची रीत तर कुणालाही जमते.

काही खोडी मात्र मोडायलाच हव्यात. पोराच्या देखत 'देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून सोडव' अशी प्रार्थना करणं म्हणजे देवाच्या आडून पोराला बोलणं. पोरगं ते लगेच ओळखतं आणि त्याला प्रार्थनेची चीड बसते. जे पोराला सांगायचं ते पोराला सांगावं. कुणाच्या घरातली गोष्ट 'प्रार्थनेचा विषय' म्हणून महिला मंडळात सांगणं हेही तसंच; आजाराचं नाव, नवरा-बायकोतला वाद, पैशाची अडचण ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय चारचौघांत आणू नये, नाव न घेता प्रार्थना करता येते. सौदा करू नये: 'मला बरं कर, मग मी साक्ष देईन, दहावा भाग देईन.' बापाकडून विकत घ्यायचं काही नसतं. आणि आजाऱ्यासाठी हात ठेवून प्रार्थना जरूर करावी, पण 'विश्वास असेल तर गोळ्या बंद कर' असं सांगणारा कुणीही असो, पाळक असो की पाहुणा उपदेशक, त्याचं ऐकू नये. साखरेच्या, फिटच्या, टीबीच्या गोळ्या मधेच सोडून माणसं दगावतात. प्रेषित पौलानं आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, हे नवा करार वाचणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

मागितलं आणि मिळालं नाही, त्याचं काय? मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू विचारतो, मुलानं भाकर मागितली तर कोण बाप त्याला दगड देईल? या वचनाचा आधार घेणाऱ्या माणसाच्या हातात कधी कधी दगडच आलेला असतो. लहान मूल जातं. पिकलेलं भात अवकाळी पावसात आडवं होतं. तेव्हा 'तुझा विश्वास कमी पडला' असं कुणी म्हणालं तर ते पाप आहे, मला दुसरा शब्द सुचत नाही. कारण येशूनं गेथशेमानेत तीनदा मागितलं आणि दुःखाचा प्याला टळला नाही. पौलानं 'शरीरातल्या काट्यासाठी', म्हणजे न सुटणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवलं आणि काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे' एवढं उत्तर आलं. त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

अशा दिवसांत काय बोलायचं हे स्तोत्रं शिकवतात, आणि हे आपल्या उपासनेत फार कमी शिकवलं जातं. तेरावं स्तोत्र सहा ओव्यांचं. पहिल्या दोन ओव्यांतच चार वेळा 'कोठवर?' असा सवाल आहे. पुढं मागणं: माझ्याकडे बघ, मला उत्तर दे. आणि शेवटी, उत्तर अजून आलेलं नसतानाच, भरवसा. आपलं दुःख याच क्रमानं मांडता येतं: कुणाला सांगतोय, काय झालं, किती दिवस झाले, काय हवं आहे. भरवशाचं वाक्य त्या दिवशी निघालं नाही तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. ते अंधारात संपतं, शेवटी उजेड नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. लेकरू बापाशी भांडतं, पाठ फिरवून बसतं, ते घरातच बसलेलं असतं. शब्दच सुचत नसतील तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितलंय की आत्मा अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. अशा घरी भेटीला गेल्यावर लांब प्रार्थना करू नये. शेजारी बसावं, जमलं तर १३वं स्तोत्र हळू वाचावं, प्रभूची प्रार्थना म्हणावी, स्वयंपाकघरात काय लागतंय ते बघावं.

चिकाटी आणि खेटे यांत गल्लत होऊ नये म्हणून येशूनं लूकच्या अठराव्या अध्यायात एक विधवा उभी केली. ती न्यायाधीशाकडे फेऱ्या मारते, तो देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, शेवटी कंटाळून न्याय देतो. आपल्याकडच्या किती बायका पेन्शनसाठी, वारसा हक्कासाठी अशा फेऱ्या मारताहेत. येशू सांगतो की असला न्यायाधीशसुद्धा ऐकतो, मग तुमचा देव त्याच्यासारखा नसताना का ऐकणार नाही? रोज तेच मागायला लाजू नये. पण तेच मागताना मधूनमधून विचारावं, 'यात माझ्या हातानं करण्यासारखं काही आहे काय?' पुष्कळदा उत्तर तिथून सुरू होतं.

नव्यानं बसणाऱ्यांनी पहिल्या महिन्याला फार मोठं ठरवू नये. स्तोत्र २३, १०३, १३१, २७, १३, १३९ ही सहा फिरून फिरून वाचावीत. १०३मध्ये तेरावी ओवी आली की थांबावं, बाप जसा लेकरांवर ममता करतो तसा परमेश्वर करतो, ती हीच. सातव्या दिवशी उपासनेत ऐकलेलं वचन घ्यावं. वहीच्या एका पानावर मागणं तारखेसह लिहावं, समोर जागा सोडावी. घरातलं कुणी बसायला तयार नसेल तर त्याला ओढू नये, दार उघडं ठेवून बाकीच्यांनी बसावं. पाहुणे आले, कापणीचे दिवस आले, दोन-चार दिवस चुकले, तर पुढच्या ठरल्या वेळेला नेहमीएवढंच बसावं. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून तासभर बसायला गेलं की आठवड्यात सगळंच सुटतं.